प्रारब्धाची भरती आणि हातातली उघाडी

वाचक हो, "आमच्या नशिबातच होतं, त्याला आम्ही काय करणार?" हे वाक्य आपण रोज ऐकतो, प्रसंगी बोलतोही. परंतु त्यात कर्माचा सिद्धान्त अर्धाच आला आहे, आणि अर्धे सत्य फार घात करते. उरलेला अर्धा भाग आपण आज पाहू.

कर्माचे प्रकार तीन. मागचा साठा ते संचित. त्यातले भोगायला आलेले ते प्रारब्ध. आणि या घटकेला आपण करतो ते क्रियमाण. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवे आहे. ते आहे खरे, पण एकटे नाही.

भाईंदरच्या मिठागराचाच दृष्टान्त घ्या. खाडीला भरती येते ती चंद्रसूर्याच्या ओढीने. आगरात राबणाऱ्याच्या शब्दाने ती येतही नाही आणि थांबतही नाही. हे झाले प्रारब्ध. पण उघाडी केव्हा उघडायची, पाणी किती घ्यायचे, खचलेला बांध चिखलाने केव्हा लिंपायचा, हे त्याच्याच हाती. समुद्राच्या एका लिटर पाण्यात क्षार असतात जेमतेम ३५ ग्रॅम. ते पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरवून उन्हात आटवावे, तेव्हा मीठ धरते. बांधाची हयगय झाली तर तीच भरती केलेले काम बुडवते. आणि पावसाआधी रास झाकली नाही तर महिन्यांची मेहनत विरघळते. पाणी एकच, फळ वेगळे!

आता मीरा-भाईंदरचे मोठे शहर झाले. २००२ साली महानगरपालिका आली. पहाटेची लोकल गाठून आपली माणसे पोटासाठी मुंबईला धावतात. कोणाच्या पोटी जन्मलो, हे आपण ठरवले नाही. पण पगाराच्या संध्याकाळी स्टेशनाबाहेर पडल्यावर पाय गुत्त्याकडे वळतात की घराकडे, हे कोण ठरवतो? पहिल्यांदा वळले तेव्हा ती निवड होती. शंभराव्यांदा ती सवय झाली. आणि घरी वाट पाहणाऱ्या लेकरांच्या वाट्याला तेच प्रारब्ध होऊन आले. आपले क्रियमाण असे दुसऱ्याचे प्रारब्ध होते, हे नीट ध्यानात घ्यावे.

म्हणूनच दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून "हे त्याचं कर्म" म्हणणे आम्हांला पटत नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांना जातीमुळे देवळाबाहेर राहावे लागले. त्याला त्यांचे प्रारब्ध म्हणून मोकळे होणे सोपे. पण बाहेर ठेवणाऱ्यांचे ते क्रियमाण होते, आणि त्यांना ते टाळता आले असते. पुढे १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले झाले. शतकांचे म्हटलेले 'नशीब' माणसांच्या निश्चयाने बदलले ते असे.

तेव्हा करायचे काय? रात्री हरिपाठ झाला की घटकाभर स्वतःला विचारावे : आज माझ्यावर काय आले, आणि त्यावर मी काय केले? पहिल्याचा शोक करू नये, दुसऱ्याचा हिशेब चुकवू नये. भरती उद्याही येईल. बांध मात्र आजच पाहून ठेवावा.

रामकृष्णहरी.