सुट्टी घेताना बाळाच्या कानाचा कागदही मागा

धामणगाव रेल्वेत बाळंतपण झालं की घरी निघताना बिल, लसीचं कार्ड, जन्मनोंद सगळं विचारलं जातं. बाळाचे कान तपासले का, हे राहून जातं. ते विचाराच.

या तपासणीचं नाव ओएई. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवतात, काही मिनिटांत निकाल येतो. सुई नाही, भूल नाही. खासगीत साधारण पाचशे ते दीड हजार रुपये लागतात. सरकारीत 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मजात बहिरेपणाची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. गावात तपासणीचं यंत्र नसेल तर अमरावतीला इर्विन किंवा डफरीन रुग्णालयात चौकशी करा, नाहीतर गाडीने वर्धा गाठून सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात. निघण्याआधी ऑडिओलॉजिस्ट कोणत्या वारी असतात ते फोनवर विचारा. फेरी वाया गेली तर तिकीटही जातं आणि दिवसाची मजुरीही.

कागदावर ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासा, असं आलं म्हणजे बाळ बहिरं, असं नाही. पहिल्या दिवशी कानात चिकटा-पाणी असतं, त्यानेही तसं येतं. पण महिन्याच्या आत तपासणी पुन्हा करायलाच हवी, आणि नेमकं इथेच बाळ हातून निसटतं. बाळंतपण माहेरी, फाईल माहेरी, आणि बाळ पुढे सासरी. म्हणून फेरतपासणीची तारीख आशाताईंना सांगून ठेवा. 42 व्या दिवसापर्यंत त्या घरी येतात.

बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार वाढली असेल, तर फक्त ओएईवर थांबू नका. बेरा ही कानाच्या नसेची तपासणीही करून घ्या. खासगीत दीड ते तीन हजार. नसेचा दोष ओएईत सुटू शकतो. घरी थाळी वाजवून खात्री होत नाही. बाळ हादऱ्यानेही दचकतं. ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून वाट पाहणं तर सगळ्यात महाग. दोष असेल तर तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत श्रवणयंत्र लागलं पाहिजे, कारण बोलणं ऐकूनच येतं.

श्रवणयंत्राने भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र. खासगीत काही लाख रुपये. केंद्राच्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मदत मिळते, उत्पन्नाची अट आहे. मुंबईची अली यावर जंग संस्था हे काम पाहते. श्रवणयंत्र असो की इम्प्लांट, पुढचा खर्च आधीच धरा: बाळाचा कान वाढतो तसा श्रवणयंत्राचा साचा पुन्हापुन्हा बदलावा लागतो, बॅटऱ्या लागतात, आणि बोलणं शिकवायला महिनोन्‌महिने थेरपीला जावं लागतं.