रात्रपाळीचा हिशेब

घड्याळाशी माणसाचा परिचय इतका जुना आणि इतका नित्याचा आहे की, वेळेचा हिशेब संगणकाला शिकवावयाचा आहे असे सांगितले असता बहुतेकांना ते काम दुपारच्या जेवणापूर्वी उरकण्याजोगे वाटते. आणि या समजुतीपायीच, ज्या पगारपत्रकात रुपयाची तफावत कोणी क्षणभर खपवून घेणार नाही, त्याच पगारपत्रकात तासांची तफावत महिनोन्‌महिने निमूटपणे नांदत राहते. नागपूरच्या सीताबर्डीत असा एक मामला मला अगदी जवळून पाहावयास मिळाला. त्यातून जे उमगले ते अशा आज्ञावल्या लिहिणाऱ्या तरुणांना, आणि त्या विकत घेणाऱ्या व्यावसायिकांनाही उपयोगी पडावे, म्हणून येथे नमूद करीत आहे.

बर्डीच्या मुख्य रस्त्यावरील दुकानांची शटरे खाली आली आणि व्हरायटी चौकातली गर्दी ओसरली की ज्यांचे काम सुरू होते, अशा पहारेकऱ्यांचा पुरवठा करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे हे प्रकरण. पूर्वी हजेरी वहीत मांडली जाई. पुढे अंगठा लावण्याचे यंत्र आले, आणि त्याच्या नोंदींवरून तास काढणारी आज्ञावली कोणा कंत्राटदाराकडून पायथन भाषेत लिहवून घेण्यात आली. माझ्यासमोर दप्तर आले तेव्हा मालकांचे म्हणणे असे होते की ओव्हरटाइमने त्यांचे दिवाळे निघत आहे, आणि पहारेकऱ्यांचे म्हणणे असे की त्यांचे तास कापले जात आहेत. दोन्ही फिर्यादी एकाच वेळी खऱ्या असणे अशक्य वाटत होते. तपासांती दोन्ही खऱ्या निघाल्या.

एकच ओळ उदाहरणादाखल घेऊ. रात्री २१:५२ ला आलेला आणि सकाळी ०६:०७ ला गेलेला पहारेकरी बोटांवर मोजले तरी ८ तास १५ मिनिटे कामावर होता, हे शाळकरी मुलगाही सांगेल. पायथनमध्ये मात्र घड्याळातील एक वेळ दुसरीतून वजा करू गेल्यास भाषा ती वजाबाकी करण्यास साफ नकार देते. कारण ज्या वेळेला तारीखच जोडलेली नाही, ती आजची की उद्याची हे भाषेला कळावे कसे? हा नकार म्हणजे वास्तविक एक सल्ला होता. कंत्राटदाराने तो भाषेचा हट्टीपणा समजून दोन्ही वेळांची मध्यरात्रीपासूनची मिनिटे केली, ३६७ मधून १३१२ वजा केले, आणि उत्तर उणे ९४५ आले तेव्हा तास उणे असूच शकत नाहीत या विचाराने ते चिन्हच पुसून टाकले. अशा रीतीने सव्वाआठ तासांची पाळी पावणेसोळा तासांची झाली आणि दररात्री माणशी पावणेआठ तासांचा ओव्हरटाइम चढू लागला. उणे उत्तरात दिवसाची १४४० मिनिटे मिळविली असती, तर ४९५, म्हणजे बरोबर ८ तास १५ मिनिटे, हातात पडली असती. १४४० ने भागून बाकी घेण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते; परंतु पायथन त्या बाकीचे उत्तर ४९५ देते, तर सी आणि जावा या भाषा उणे ९४५ च परत करतात, हे भाषा बदलणाराने विसरता कामा नये.

ओव्हरटाइमचा आकडा पाहून मालकांनी हुकूम सोडला की रात्रपाळीचा हिशेब कारकुनाने स्प्रेडशीटमध्ये हाताने करावा. कारकुनाने रोजचे ८:१५ असे २६ रात्रींचे तास मांडले, बेरीज घातली, आणि उत्तर आले २२:३०. झाले असे होते की खरी बेरीज २१४ तास ३० मिनिटे असूनही, स्प्रेडशीट वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक मानीत असल्यामुळे, तिने आठ पूर्ण दिवस पोटात घालून उरलेले तेवढे घड्याळ दाखविले. तास चोवीसाच्या पुढे मोजावयाचे असल्यास तिथे त्या रकान्याचे स्वरूप निराळे सांगावे लागते. कारकून मोठा प्रामाणिक गृहस्थ. यंत्र खुळावले असा निष्कर्ष काढून त्याने ती रीत सोडली आणि साध्या संख्येत ८.१५ लिहून बेरीज केली. मराठीत आपण वेळ लिहिताना तास आणि मिनिटे यांत टिंब देतो, आणि त्या सवयीने डोळ्यांना त्यात काही खटकले नाही; परंतु यंत्राच्या लेखी ते टिंब दशांशाचे, आणि सव्वाआठ तास म्हणजे ८.२५. रात्री सहा मिनिटांचा हा फरक २६ रात्रींत २ तास ३६ मिनिटांवर गेला, आणि तेवढा पगार ज्याने रात्र जागून काढली त्याच्या खिशातून गेला.

मग नवी आज्ञावली आली. ती मालकांच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने लिहिली, आणि मध्यरात्र ओलांडण्याचा प्रश्न त्याने उत्तम रीतीने सोडविला. तथापि तिच्यातही एक पहारेकरी नेमका मध्यरात्री रुजू झाला की गैरहजर ठरू लागला. मध्यरात्रीपासूनची त्याची मिनिटे शून्य, आणि नोंद आहे की नाही हे पाहणारी ओळ शून्याला 'काही नाही' समजणारी! हा प्रमाद एकट्या पुतण्याचा म्हणता येत नाही, पायथनच्याच ३.५ पूर्वीच्या आवृत्त्यांत मध्यरात्रीची वेळ खुद्द भाषेच्या लेखी 'असत्य' ठरत असे, आणि ही गोष्ट सदोष असल्याचे मान्य होऊन ती २०१५ मध्ये दुरुस्त झाली. पुढे नोंदी दूरच्या सर्व्हरवर जाऊ लागल्या, तेव्हा सकाळपाळीचा एक वृद्ध रक्षक दप्तरात येऊन म्हणाला, "साहेब, काल त माही सुट्टी होती, अन् हजेरी कालचीच लागली, आजची कुठं गेली?" तो पहाटे ५:२० ला आला होता. सर्व्हरची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. सबब आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होईपर्यंत सर्व्हरच्या पंचांगात कालचाच दिवस असतो.

यावर उपाय म्हणून पुतण्याने वेळेला 'एशिया/कोलकाता' हा विभाग जोडला. परंतु पायटीझेड या जुन्या ग्रंथसंग्रहातून तो थेट चिकटविल्यामुळे साऱ्या नोंदी २३ मिनिटे अलीकडे सरकल्या, आणि ०६:०७ ला अंगठा लावून गेलेला माणूस ०५:४४ लाच पाळी टाकून गेल्याचे दिसू लागले. ही २३ मिनिटे आली कोठून? त्या विभागाच्या इतिहासातली सर्वांत जुनी नोंद कोलकात्याच्या स्थानिक काळाची, म्हणजे ग्रीनिचच्या ५ तास ५३ मिनिटे पुढची, आहे. आणि त्या ग्रंथसंग्रहातील 'लोकलाइझ' या विहित मार्गाने न जाणाऱ्याच्या पदरात तीच पडते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबईने आपला निराळा काळ १९५५ पर्यंत सोडला नव्हता. आणि युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सबंध देशाची घड्याळे एक तास पुढे होती. नागपूरचा स्थानिक काळ तर आजही प्रमाणवेळेच्या सुमारे साडेतेरा मिनिटे मागे असून, कुंडली मांडणाऱ्या ज्योतिष्याला तो संस्कार करावाच लागतो. साडेपाच तास ही संख्या हाताने मिळविली की काम भागले असे मानणाराने १९४३ साली जन्मलेल्या माणसाची जन्मवेळ एकदा त्या रीतीने काढून पाहावी.

या साऱ्या दोषांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पाळीच्या तक्त्यावरील 'रात्री दहा' ही घड्याळातील वेळ, जी रोज येते. अमुक तारखेचे, अमुक प्रमाणवेळेचे रात्री दहा हा क्षण, जो एकदाच येतो. आणि सव्वाआठ तास हा अवधी, ज्याला ना तारीख ना घड्याळ. या तीन वस्तू अंकांत सारख्या दिसतात, एवढ्यावरून त्या एकाच रकान्यात कोंबल्या की हिशेब बिघडलाच म्हणून समजावे. क्षणातून क्षण वजा केला तर अवधी मिळतो, क्षणात अवधी मिळविला तर पुढचा क्षण मिळतो. नुसत्या वेळेतून वेळ वजा करणे मात्र तारखेवाचून निरर्थक. जावा भाषेने २०१४ मधील आठव्या आवृत्तीपासून या तिन्हींसाठी निरनिराळे प्रकार दिले आहेत. ज्या भाषेत ते आयते नसतील तिथे लिहिणाराने स्वतः वेगळे करावेत.

अवधी नेहमी पूर्ण मिनिटांत किंवा सेकंदांत साठवावा, आणि त्याचे तास-मिनिटे असे रूप केवळ कागदावर छापण्याच्या वेळी करावे. क्षण जागतिक प्रमाणवेळेत ठेवावा. परंतु दिवस कोणता, याचा निर्णय यंत्रावर सोपवू नये. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, दिनदर्शिकेची तारीख मध्यरात्री, आणि पहारेकऱ्याचा दिवस तो कामावर रुजू होतो तेव्हा सुरू होतो. म्हणून पाळीची तारीख हा हजेरीपत्रकातला स्वतंत्र रकाना असावा, आणि तो कसा भरावयाचा हे मालकाने लेखी ठरवून द्यावे. प्रमाणवेळेच्या विभागांसाठी जगभर चालू असलेली कोष्टके वापरावीत, आणि पायथनमध्ये काम असेल तर ३.९ आवृत्तीपासून अंगभूत असलेल्या झोनइन्फोचा आश्रय घ्यावा.

व्यावसायिकांना माझी विनंती एवढीच की, हजेरीची आज्ञावली विकत घेताना तिचे रंगरूप पाहण्याआधी तिला चार नोंदी द्याव्यात: एक मध्यरात्र ओलांडणारी, एक बरोबर ००:०० ची, एक पहाटे साडेपाचच्या आतली, आणि एक बेरीज चोवीस तासांच्या पुढे जाणारी. या चारांपैकी एकही चुकली, तर पैसे देऊ नयेत.