हाड उशिरा तयार होतं

बाळा, बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायला आता थोडेच आठवडे राहिले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातली पोरं निघण्याआधी माझ्याकडे येऊन बसतात. त्यांना जे सांगतो तेच तुला सांगतोय, तू घरचा म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे भरतीचं मैदान डोक्यातून काढ. साडेपाच मिनिटांत 1.6 किलोमीटर धावलास, 60 गुण घेतलेस. दहा बीम म्हणजे पुल-अप मारलेस, 40 घेतलेस. धावण्यात 400 मीटरची एकेक फेरी 82.5 सेकंदांत, अशा चार. मोठी गोष्ट आहे, पण तो एका सकाळचा जोर होता. पायदळातल्या अग्निवीराचं ट्रेनिंग 31 आठवड्यांचं, त्यातले पहिले दहा मूलभूत शिक्षणाचे. रोज पीटी, रोज ड्रिल, रोज बूट. तिथं एक दिवस भारी पडणाऱ्यापेक्षा रोज उभा राहणारा पुढं जातो.

आता नीट ऐक, कारण पोरं इथंच फसतात. धावायला लागलं की तीन-चार आठवड्यांत दम वाढतो. दंड-मांड्या भरायला दोन महिने लागतात. हाडाला त्याहून जास्त, तीन-चार महिने. वर नव्या भारानं हाड आधी थोडं झिजतं आणि मग भरतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते पळ, पाय म्हणतात पळ, आणि नडगीचं हाड मात्र तेव्हाच सगळ्यात कच्चं असतं. नव्या खोंडाला पहिल्या दिवशी कुळवाला जुंपत नाहीत. आधी नुसतं जू, मग रिकामी गाडी, मग थोडा भार. तुझ्या पायांनाही तोच क्रम दे, आणि तो इथंच, निघण्याआधी सुरू कर. आठवड्याचं धावणं मागच्या आठवड्यापेक्षा थोडंच वाढव. आठवड्यातून एक दिवस धावूच नकोस, चाल.

धावायची जागाही बघून घे. आपल्याकडची पोरं पहाटे हमरस्त्यावर धावतात. डांबर कडक, वर ट्रका. उन्हाळ्यात काळ्या रानात धावू नकोस, भेगेत पाय गेला की घोटा मुरगळतो. बीदरच्या माळावरचा लाल मुरूम चांगला, कारंजा धरणाकडचा कच्चा रस्ता चांगला, शाळेचं मैदान चांगलं. आठवड्यातून दोन दिवस चढ घे.

नडगी दुखायला लागली तर दुखणं ओळखायला शीक. सगळी नडगी लांबपर्यंत ठणकते आणि अंग गरम झालं की ठणका कमी होतो, ते बहुतेक हाडाच्या चिरेचं नसतं. विश्रांती आणि थंड पाण्यानं उतरतं. पण एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी हाडावर दाबलं की कळ येते, धावताना वाढत जाते, पुढं पुढं रात्रीही ठणकते, तर हाडाला बारीक चीर पडत असेल असं समज. आणि जांघेत खोल दुखलं, पाय टाकताना कळ आली, तर एक पाऊलही पळू नकोस. तिथं मांडीच्या हाडाची मान असते. तिथली चीर वाढून हाड मोडलं तर शस्त्रक्रिया, आणि पुढची नोकरी जाण्याची वेळ.

पोरं हे लपवतात. रेलिगेट होऊ, मागच्या बॅचला टाकतील, दोस्त पुढं जातील, घरचे काय म्हणतील, अशी भीती असते. वेदनाशामक गोळी गिळून पळतात. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर काही आठवड्यांच्या विश्रांतीवर भागलं असतं, तिथं प्लास्टर चढतं आणि पोरगा घरी परततो. अशी पोरं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत आणि दर वेळी जीव तुटला आहे. म्हणून तुला शपथ घालतो, एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, जायला लाजू नकोस. मागच्या बॅचमधून कसम परेड, म्हणजे शपथेची परेड, केलेला जवानही जवानच असतो.

ताकद तुझ्याकडे आहे. तुरीची पोती उचललीस, विहिरीचं पाणी ओढलंस, कंबर आणि पाठ तयार आहे. कमी आहे ती बोटांची पकड आणि लटकायची सवय. लिंबाच्या जाड फांदीला रोज लटक. बीम वाढत नसतील तर उडी मारून हनुवटी वर ने आणि पाच मोजत सावकाश खाली ये. याच उतरण्यानं दंड तयार होतात. दंड-बैठका आपल्या तालमीतल्याच मार, पण घाईनं नाही, पूर्ण खाली जाऊन. रस्सा हातानं चढायला गेलास तर अर्ध्यात बोटं सुटतील. रस्सा पायानं चढायचा: दोन पावलांत दोर घट्ट अडकव, गुडघे सरळ कर, मगच हात पुढं सरकव. उतरताना घसरू नकोस, तळहाताची साल निघते.

पुढं बीपीईटी, म्हणजे लढाईच्या तयारीची शारीरिक चाचणी येईल. रायफल आणि पिठ्ठू म्हणजे पाठीवरची पिशवी घेऊन पाच किलोमीटर: 25 मिनिटांत उत्तम, 28 पर्यंत पास. त्यातच 9 फुटांचा खड्डा आणि दोरांचे अडथळे. नुसतं पळणारा इथं मागं पडतो, कारण भार पाठीवर हलतो आणि खांदा कापतो. पिठ्ठूचे पट्टे आखडून तो उंच बांध, पाठीला चिकटलेला असू दे. पावलं लांब टाकू नकोस, लहान आणि झपाझप टाक. पण भार घेऊन धावण्याचा सराव घरी करायचा नाही. घरी भार घेऊन चाल. धावणं तिथं उस्ताद शिकवतील.

हा भार कशासाठी, हेही सांगतो. बेळगावात 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि रेजिमेंटची मुळं 1768 पर्यंत जातात. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनिओ नदीवर याच रेजिमेंटच्या नामदेव जाधव नावाच्या शिपायानं गोळीबारात एका जखमी सोबत्याला उचललं. खोल पाण्यातून, सरळ चढाच्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याला मागं आणून सोडलं. मग पुन्हा जाऊन दुसऱ्याला आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उस्ताद तुला जोडीदाराला खांद्यावर घेऊन धावायला लावतील तेव्हा हे आठव. ती शिक्षा नसते.

रगड्याचं, म्हणजे दमवून सोडणाऱ्या कसरतीचंही तसंच. फ्रंट रोल, बेडूकउड्या, रायफल डोक्यावर धरून चक्कर. तोंडानं कुरकुर करशील तर दम आधी संपेल. नाकानं श्वास घे, नजर समोर ठेव.

ऊन आपल्याला नवं नाही. कलबुर्गीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. पण सुट्टीवरून किंवा आजारातून उठून आलास की अंगाची सवय मोडलेली असते, ती परत यायला दहा-पंधरा दिवस लागतात. पाणी तहान लागण्याआधी पी. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद झाली तर पाणी कमी पडतंय. खूप रगडा होऊन ती चहाच्या रंगाची झाली, अंग दगडासारखं दुखलं, तर लगेच डॉक्टर. सोबतचा बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला तर घाम येतोय की नाही ते बघत बसू नकोस. सावलीत ने, कपडे सैल कर, सगळ्या अंगावर पाणी ओत, वारा घाल आणि ओरडून मदत बोलाव. पाणी आधी, गाडी नंतर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालायचं नाही.

खाण्याची काळजी नको. घरी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भिजवलेले हरभरे, शेंगा, दूध, चालत असतील तर अंडी. याच्यावर शरीर उभं राहतं. आपल्या कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं वरण रोज वाटीभर पी. तिथं लंगरला पोटभर जेव, भाकर शोधत बसू नकोस. डब्यातली पावडर, ताकदीचं म्हणून कुणी दिलेलं इंजेक्शन, काही घेऊ नकोस. तंबाखू आणि गुटखा आजच टाक, बिडी-सिगारेटनं हाडं भरायला उशीर लागतो. रात्री दिवे बंद झाले की मोबाइल नाही. हाड भरायला झोप लागते.

पाय रोज धू, बोटांच्या बेचक्या कोरड्या कर. बेळगावचा पाऊस आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त, ओल्या मोज्यात गजकर्ण होतं. नखं सरळ काप. फोडाची कातडी ओढून काढायची नाही.

तुझ्या बहिणीलाही वाचून दाखव. मिलिटरी पोलिसात मुलींची पहिली तुकडी 2021 मध्ये बेंगळुरूहून तयार होऊन बाहेर पडली, आपल्या भागातल्या पोरीही तयारी करतात. त्यांनी लोह आणि कॅल्शियमकडे जास्त बघावं. जास्त सरावानं किंवा कमी जेवणानं पाळी थांबली तर ते फिटनेसचं लक्षण मानू नये, हाडं कमकुवत होत असल्याची सूचना समजून डॉक्टरांकडे जावं.

भाषेची फिकीर करू नकोस. घरी मराठी, बाजारात कन्नड, गल्लीत दखनी बोलत वाढलास, तिथली हिंदी दोन दिवसांत येईल.

शेवटचे दहा दिवस धावणं निम्मं कर, झोप वाढव, दात दाखवून घे. गावात मित्रांपुढं शर्यत लावू नकोस, कबड्डी-कुस्तीलाही उतरू नकोस. दुखरा गुडघा घेऊन गेटवर उभा राहू नकोस, एवढं माझं ऐक.