जुना रॉड घेताना आधी दोन तपासण्या

जळगाव किंवा धुळ्यातल्या भंगाराच्या दुकानात खिडक्यांच्या गजांमागे कधीकधी एक जाड रॉड भिंतीला टेकवून ठेवलेला दिसतो. मधल्या भागावर नर्लिंगची खरखरीत जाळी, टोकांना आटे किंवा फिरत्या नळ्या, शेजारी गंज चढलेल्या बिडाच्या प्लेटा. बंद पडलेल्या एखाद्या व्यायामशाळेचा हा माल. गच्चीवर किंवा मागच्या पडवीत घरचा जिम मांडायचा विचार करणारा तरुण तिथे थांबतो, रॉड उचलून पाहतो आणि विचारतो, "भाऊ, हाऊ रॉड कितलाना शे?"

वैद्यकीय दृष्टीने किमतीचा प्रश्न तिसरा यायला हवा. पहिला प्रश्न, रॉड ठणठणीत आहे का? दुसरा, उचलणाऱ्याचे शरीर त्यासाठी तयार आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की जुना रॉड घ्यायला डॉक्टरांची हरकत नसते. उलट आनंदच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. त्याशिवाय १५० ते ३०० मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायामही हवा. चालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, वजन उचलणारे मात्र थोडे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. रक्तातली साखर वापरणारे शरीरातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तो कमावला तर मधुमेहाच्या उपचारालाही हातभार लागतो.

रॉडची तपासणी

सुरुवात वजनकाट्यावर करावी. लोखंडाच्या व्यापाऱ्यांना आणि फॅब्रिकेशनवाल्यांना एक सूत्र तोंडपाठ असते: गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे. उत्तर येते ते एका मीटरचे वजन किलोत. २८ मिलिमीटर जाडीचा पाच फुटी भरीव रॉड या हिशेबाने सुमारे ७.४ किलो भरतो, २५ मिलिमीटरचा सुमारे ५.९ किलो. काट्यावर तोच रॉड चार किलो दाखवत असेल, तर आतून तो पोकळ पाइप आहे असे समजावे. छातीवर वजन घेऊन आडवे पडलेल्या माणसाच्या हातात असा पाइप वाकला, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

स्पर्धेतल्या बारबेलला हे सूत्र सरळ लागू होत नाही, कारण तिच्या टोकांच्या नळ्या जाड असतात. पुरुषांची बारबेल २० किलोची, २.२ मीटर लांब, पकडीच्या जागी २८ मिलिमीटर आणि प्लेट बसते तिथे ५० मिलिमीटर जाड. महिलांची १५ किलोची, २.०१ मीटर लांब आणि पकडीला २५ मिलिमीटर. आपल्याकडच्या जुन्या साध्या रॉडची टोके पकडीइतकीच बारीक असतात. म्हणून एका दुकानातला रॉड आणि दुसरीकडच्या प्लेटा अशी खरेदी करताना भोकाचे माप आधी पाहावे. मोठ्या भोकाची प्लेट बारीक रॉडवर डुगडुगते, उचलताना बाहेर सरकते आणि सगळा भार अचानक एका खांद्यावर येतो.

मग सरळपणा. रॉड दोन विटांवर आडवा ठेवून हळूहळू फिरवावा आणि टोकाकडे नजर लावावी. टोक वर-खाली गोल फिरताना दिसले, तर रॉड वाकलेला आहे. "ठोकून सरळ करून देतो" असे विक्रेता म्हणाला, तरी तो घेऊ नये. एकदा कायमचे वाकलेले पोलाद त्याच जागी पुन्हा वाकते. मधे वेल्डिंगचा जोड असलेला रॉड फुकट मिळाला तरी नको. शंका राहिली तर एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे न्यावा. व्हर्नियरने जाडी आणि लेथवर फिरवून बाक, दोन्ही तो पाच मिनिटांत सांगतो.

वाकलेला रॉड निदान डोळ्यांना दिसतो, तडा गेलेला दिसत नाही. सर्वांत जास्त ताण येतो तो जाड नळी आणि बारीक दांडा मिळतात त्या खांद्यापाशी, किंवा आटे सुरू होतात तिथे. त्या जागेवरचा गंज आणि ग्रीस पुसून रॉकेल लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी फडक्याने कोरडे करावे आणि वर खडूची भुकटी चोळावी. भेग असेल तर आत मुरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या भुकटीवर केसासारखी काळपट रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत आसांमधल्या भेगा एकोणिसाव्या शतकापासून याच तत्त्वावर शोधल्या जात. भुसावळसारखे रेल्वेचे गाव शेजारी असलेल्या खानदेशात ही युक्ती माहीत असणारे जुने कारागीर आजही भेटतील. रेघ उमटली तर रॉड तिथेच सोडून यावा.

प्लेटांचे परीक्षण सोपे आहे. माठ घेताना टिचकी मारून पाहतात, तशी प्लेट दोरीला टांगून पान्याने हलकेच वाजवावी. चांगली प्लेट वाजते, तडकलेली भद्द बोलते. बीड ठिसूळ असते, वाकून इशारा देत नाही, थेट तुटते. नंतर प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवावी आणि खरे वजन तिच्यावर खडूने लिहावे. जुन्या ओतीव प्लेटांवर दहाचा आकडा असला तरी वजन दहाच भरेल असे नाही. जागतिक स्पर्धेत २० किलोच्या बारबेलला जास्तीत जास्त २० ग्रॅम अधिक किंवा १० ग्रॅम कमी एवढीच सूट असते. घरी इतक्या काटेकोरपणाची गरज नाही, पण डावी-उजवीकडे किलोभराचा फरक महिनोन्‌महिने राहिला तर कंबर आणि खांदे तक्रार करू लागतात.

गंज, रंग आणि अ‍ॅसिड

"गंजलेले लागले, धनुर्वात होईल" ही भीती घरोघरी आहे. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात, आणि भंगारात पडून राहिलेल्या लोखंडाच्या खाचांत ती माती भरलेली असते. नर्लिंगने सोललेला तळवा किंवा निघालेल्या क्रोमच्या पापुद्र्याने कापलेले बोट, एवढी वाट जंतूंना पुरते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. अशी मळकी जखम झाली आणि शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, किंवा कधी घेतले ते आठवतच नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. एरवीही प्रौढांनी दर दहा वर्षांनी टीडी लस घ्यावी. सोळाव्या वर्षीच्या लसीनंतर ती पुन्हा घेतल्याचे फार थोड्या पुरुषांना आठवते.

जुन्या प्लेटांवरच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाला ग्राइंडर लावला तर शिशाची धूळ घरभर उडते. लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला तिचा धोका मोठा. म्हणून रंग कोरडा घासू नये. मोकळ्या जागी, मास्क लावून, वॉटर पेपरने ओला घासावा, चिखल पुसून टाकावा आणि कपडे वेगळे धुवावेत. मुलांना आणि गरोदर बाईला त्या कामाजवळ येऊ देऊ नये.

गंज काढायला संडास धुण्याचे अ‍ॅसिड वापरण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याची वाफ फुप्फुसे जाळते, ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि कडक पोलाद अ‍ॅसिडने ठिसूळ होण्याचीही भीती असते. साधे व्हिनेगर, ब्रश आणि नंतर शिलाई मशीनचे तेल एवढ्यावर काम भागते. वेळ लागतो, पण रॉड आणि छाती दोन्ही शाबूत राहतात.

शरीराची तपासणी

श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब काही सेकंदांपुरता प्रचंड चढतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८५ मध्ये पाच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून तो मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी आकडा ३२०/२५० पर्यंत गेला, एकाचा तर ४८०/३५० च्याही वर. निरोगी तरुणाचे शरीर हे क्षणभर सोसते. ज्याचा रक्तदाब बसल्या जागी १८०/११० च्या वर आहे, त्याने तो ताब्यात येईपर्यंत रॉडला हात लावू नये. हृदयविकार, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असणे, जांघेतला हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी निदान रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हींच्या रुग्णालयांत ही तपासणी होते.

उत्तम साहित्य आणि प्रशिक्षक असूनही दुखापत होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. सांगलीचा संकेत सरगर ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो वजन त्याने उचलले. पुढे १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचा उजवा कोपर दुखावला. सुवर्णपदक एका किलोने हुकले, रौप्य मिळाले. ज्याच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता त्याचीही ही गत, तर नवख्याने पहिल्याच आठवड्यात मित्राशी पैज लावून प्लेटा चढवू नयेत. सुरुवातीचे दोन आठवडे रिकामा रॉडच पुरेसा. नंतर दहा-बारा वेळा श्वास न रोखता उचलता येईल एवढेच वजन घ्यावे आणि जोर लावताना श्वास सोडावा.

घरी एकट्याने करताना बेंच प्रेस सर्वांत धोक्याचा. रॉड छातीवर किंवा गळ्यावर अडकला की हाक मारायलाही श्वास उरत नाही. सोबत माणूस हवा, नाहीतर दोन्ही बाजूंना रॉड अडवणारे पक्के आडवे गज हवेत. दोन्ही नसतील तर बेंच प्रेस टाळून उभ्याने करायचे प्रकार करावेत. फरशी वाचवायला गोठ्यात म्हशींखाली घालतात ती जाड रबरी मॅट उत्तम चालते. एप्रिल-मेमध्ये खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी किंवा संध्याकाळीही वजन उचलू नये. पहाटेची वेळ गाठावी.

छातीत दुखणे, भोवळ, पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे किंवा व्यायामानंतर चहासारखी गडद लघवी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर "अंग दुखतेय, होईल बरे" म्हणत घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या रविवारी जुना रॉड पाहायला निघालात, तर खिशात एक मोजपट्टी, खडूचा तुकडा आणि रॉकेलची लहान बाटली ठेवा. आणि निघण्याआधी रक्तदाब मोजून घ्या.