आजचं चिंतन: पसायदान आणि आमची वायर



पसायदान आपण शाळेपासून म्हणतो. त्यात माऊली दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावो एवढंच मागतात. मीही ते बिनधास्त म्हणायचो, पवनीजवळच्या आमच्या शेतातून मोटारपंपाची वायर चोरीला जाईपर्यंत. चोर गावातलाच, एकोणीस वर्षांचा पोरगा. वायर परत मिळाली, तरी मी पुण्याहून फोनवर ओरडलो, "आत टाका त्याला!" बाबा म्हणाले, "वायर भेटली ना? मग पोराले जेलात काहाले सडवाचं?"

राग आला. मग कायदा वाचला (इंजिनिअर माणूस, डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय पटत नाही). १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा हीसुद्धा एक शिक्षा आहे. एरवी चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद. पण कलम ३०३(२) म्हणतं: माल ५,००० रुपयांच्या आतला, दोषी पहिल्यांदाच ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकांच्या उपयोगाचं काम, बिनपगारी. ही माफी नाही हं, दोष सिद्ध होतोच. चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्यातही आहे.

आमची वायर अडीच हजारांची. केस अजून चालू आहे. बाबा तारखेला जाऊन माल मिळाल्याचं सांगणार आहेत.

आणि मी? आज सकाळी पसायदान म्हणताना नेमका त्या ओळीवर अडकलो. पोराचा चेहरा समोर आला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.