नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

गल्ला रिकामा दिसला तर आपण गल्ल्याला दोष देत नाही, आवक कुठे अडली ते पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण उलट वागतो. सकाळी सेल्फ मारला आणि नुसता 'टक्' आवाज आला की लगेच बॅटरी बदलतो. ही चूक आम्ही स्वतः केली आहे.

ईदच्या मोसमात कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला आमचा टेम्पो पहाटे सुरूच होईना. रात्री दिवे चालू राहिले असतील, असे समजून आम्ही ड्रायव्हरला चार शब्द सुनावले व नवी बॅटरी बसवली. चौथ्या दिवशी तीही उतरली. माल उशिरा पोचला आणि एका जुन्या गिऱ्हाइकाने दुसरीकडून खरेदी केली. शेवटी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर लावला, तेव्हा अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजल्याचे कळले. जुनी बॅटरी चार्ज करून तपासली, तर ती चांगली निघाली. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, असे ड्रायव्हरने आठवडाभर आधीच सांगितले होते. आम्हीच कानाडोळा केला होता. त्याची माफी मागूनच आमचे समाधान झाले.

बॅटरी वीज साठवते, अल्टरनेटर वीज तयार करतो. इंजिन सुरू करणे हे बॅटरीचे काम. त्यानंतर दिवे, हॉर्न चालवणे व बॅटरी पुन्हा भरणे हे अल्टरनेटरचे काम. म्हणून दोघांचा हिशोब वेगळा तपासावा. डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल वायर अधिक टोकाला व काळी उणे टोकाला लावावी.

१) गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पाहावे. १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

२) सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही त्याखाली गेली, तर ती थकली आहे असे समजावे.

३) इंजिन चालू करून हेडलाइट लावावेत. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले तर अल्टरनेटर ठीक. आकडा १२ च्या घरातच राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. तो बॅटरीचे पाणी आटवून तिला मारतो.

चार्जिंग होत नसेल तरी लगेच नवा अल्टरनेटर घेऊ नये. आधी पट्टा सैल आहे का, वायर निघाली आहे का आणि टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचला आहे का, हे पाहावे. क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. टोके काढताना उणे आधी काढावे, बसवताना शेवटी बसवावे. कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर बहुधा वेगळे मिळतात व थोडक्यात काम भागते.

सर्व आकडे बरोबर असूनही बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर गाडी बंद असताना कुठेतरी वीज गळते आहे. टेप, अलार्म, डिकीतला दिवा तपासून घ्यावा.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढून अल्टरनेटर तपासण्याची काही मिस्त्रींची जुनी सवय आहे. त्याने डायोड व नव्या गाड्यांचा संगणक जळू शकतो. आणि बॅटरीजवळ बिडी-सिगारेट पेटवू नये. चार्ज होताना निघणारा वायू स्फोटक असतो.

मोसमाच्या आठवडाभर आधी ही तपासणी करून घ्यावी. पाच मिनिटे लागतात. आणि ड्रायव्हर लाल दिव्याबद्दल सांगू लागला, तर हातातले काम बाजूला ठेवून त्याचे ऐकावे. आमच्यासारखे गिऱ्हाईक गमावून शिकण्याची वेळ कोणावर येऊ नये.