एकट्याने मोझरीला

मुलांनो, तुम्ही अकोल्याचे असा की अमरावतीचे, जत्रेला किंवा उरुसाला नक्कीच गेला असाल. पण घरच्या माणसांबरोबर. एखाद्या प्रसिद्ध स्थळी एकट्याने गेला आहात का? अजून लहान आहात, घाई नाही. थोडे मोठे झालात, की एकदा मोझरीला एकटे जा.

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या एस.टी.त बसा. नांदगाव पेठ मागे पडते. कापसाची आणि तुरीची शेते दिसतात. तिवसा येण्याआधी मोझरी लागते. तिथे उतरा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यांची समाधीही इथेच आहे.

महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. खंजिरी वाजवत ते भजने म्हणत. खंजिरी ही तुमच्या डफाची धाकटी बहीण समजा. तिच्या कडेला छोट्या झांजा असतात. त्यांची भजने मराठीत आहेत, तशीच हिंदीतही आहेत. हिंदी भजने तुम्हाला लवकर समजतील! १९४२ च्या चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला. १९५५ साली त्यांची 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ते जपानमधील विश्वधर्म परिषदेला गेले. खंजिरीही बरोबर होती.

जपानमध्ये शिंतो देवळाच्या वाटेवर पाण्याचे कुंड असते. येणारा माणूस लांब दांड्याच्या पळीने पाणी घेतो, आधी हात धुतो, मग चूळ भरतो. वुझू आठवला ना?

मोझरीला तुमच्या मनात एक प्रश्न येईल. विचारायला संकोच वाटतो, म्हणून मीच विचारतो. समाधीपुढे हात जोडावेच लागतात का? चपला बाहेर काढा. हळू बोला. ज्याला हात जोडावेसे वाटतात, तो जोडतो. ज्याला वाटत नाहीत, तो शांत उभा राहतो. तोही आदरच आहे. कोणी विचारले, तर सरळ सांगा, "मी पाहायला आलो आहे," किंवा "आले आहे."

बरोबर मित्र असला, की आपण त्याच्याकडे पाहतो. तो करील तसे करतो. एकटे असलो, की आपले आपणच ठरवावे लागते. म्हणून तर मी एकटे जा म्हणतो.

महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी झाले. दरवर्षी पुण्यतिथीच्या महोत्सवात मोझरीला मोठी गर्दी जमते. ठीक ४ वाजून ५८ मिनिटांनी सारे लोक असतील तिथे स्तब्ध उभे राहतात. एवढ्या माणसांत कोणी एक शब्द बोलत नाही. मग निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. हा सोहळा पाहण्यासारखा आहे. पण पहिल्यांदा जाताना साधा दिवस निवडा. गर्दीत एकटेपण कुठले?

घरी सांगून निघा. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. आश्रमात सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते. ती ऐकायला थांबणार असाल, तर अमरावतीच्या शेवटच्या एस.टी.ची वेळ उतरल्याबरोबर विचारून घ्या.